कोबेला जेवायला काय असतं?

जिनिंगमधून बाहेर पडलेल्या माणसाच्या अंगावर जसा कापूस चिकटलेला असतो, तसे आमच्या कंपाउंडातले किस्से माझ्या अंगाला चिकटलेत. एक झटकावा तर त्याच्यामागे आणखी चार दिसतात! घरात कुणी नुसतं "आज भाजी काय?" एवढं विचारलं तरी मी सुरू होतो आणि बायको म्हणते, "झालं! आता आमटी निवणार!"

तर ज्यांना घाई असेल त्यांनी आधी जेवून घ्यावं. बाकीच्यांनी सरकून बसा.

अकोल्याला स्टेशनच्या पलीकडे कापसाच्या कंपन्यांची कंपाउंडं एकाला एक लागून होती. आमची कंपनी जपानी. साहेबाचं नाव मोरिता. शेजारची कंपनी ग्रीक लोकांची, तिथे स्पिरो साहेब. आणि दोघांच्या मध्ये प्रेस, म्हणजे कापसाच्या गाठी बांधायचा कारखाना. त्याचा इंजिनीयर स्कॉटलंडचा मॅक साहेब. तीन देशांचे तीन साहेब, त्यांची तीन स्वयंपाकघरं आणि मध्ये मी! काम इंग्रजी पत्रं लिहायचं, पण खरं लक्ष कुठल्या खिडकीतून कसला वास येतो इकडे. तीन मुलखांची माणसं एका सडकेवर जेवताना बघायला मिळणं, याला मी आजही नशीब समजतो.

आमच्या ऑफिसात किसन नावाचा पोरगा होता. वलगावच्या माळ्याचा. गाठीतून कापसाचे नमुने काढायचं काम करायचा. मोरिता साहेबाची त्याच्यावर फार मर्जी. एके दिवशी साहेबानं त्याला बोलावलं आणि म्हणाला, वर्षभर जपानात, कोबेला जा. तिथल्या गिरण्या आपला कापूस कसा निवडतात ते शीक. परत आलास की नमुने काढायचं काम दुसरा करील, पसंत-नापसंत तू सांगायचं.

किसन दिवसभर जमिनीवर नव्हता. संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाला, "बाबूजी, फक्त मायले विचारतो."

वडील नव्हते. ठकूमाय एकटी मळा सांभाळायची. वांगी, मुळे, मिरच्या पिकवून अमरावतीच्या बाजारात विकायची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"तिथं जेवाले काय असते?"

किसनला माहीत नव्हतं. साहेबाला असलं विचारायची लाज वाटली, म्हणून तो मला विचारायला आला. माझ्या ऑफिसातल्या नकाशावर जपान म्हणजे भिंतीला ओल येऊन फुटलेला एक डाग होता. मी म्हटलं, "भात असावा."

किसन निरोप घेऊन गेला आणि उलटा निरोप घेऊन आला. "माय म्हनते, भात ठीक हाये. पन भातासंगं काय?"

त्या 'भातासंगं काय'वर आमची गाडी अडली! इकडे मोसम संपायच्या आत मोरिता साहेबाला नाव कळवायचं होतं. नाही तर खामगावच्या ऑफिसातला माणूस जाणार होता. किसनचा जीव टांगणीला लागला.

शेवटी ठकूमाय स्वतःच बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला आली. डोक्यावर वांग्यांची टोपली. आमच्या ओसरीवर टोपली उतरवून म्हणाली, "बाबूजी, परमुलखातली मानसं काय खातेत ते माह्या डोळ्यानं पाहीन. मंग पोट्ट्याले पाठवीन."

*

तिचा मुक्काम आमच्याकडेच पडला. पहिला नंबर मॅक साहेबाचा लागला, कारण त्याचं घर वाटेत होतं.

मॅक साहेब सकाळी व्हरांड्यात उभा राहून जेवायचा. खुर्ची असायची, टेबल असायचं, पण हा उभा! एका वाडग्यात करड्या रंगाचं काहीतरी दाट शिजवलेलं, वर मीठ. साखर नाही, तूप नाही. चमचा भरायचा, शेजारच्या दुधात बुडवायचा आणि तोंडात टाकायचा. रोज तेच.

ठकूमाय कुंपणापाशी उभी राहून बराच वेळ बघत होती. मग मला हळूच म्हणाली, "ह्या तं कन्या हायेत."

कण्या म्हणजे ज्वारी भरडून शिजवलेल्या. आमच्याकडे घरात दुसरं काही नसलं की चुलीवर कण्या चढतात. मी तिला सांगितलं की हे धान्य वेगळं आहे, ओट म्हणतात. साहेब मोठा पगारदार आहे. त्यांच्या देशात हे आवडीनं खातात.

तिचा विश्वास बसला नाही. "उभ्या उभ्या कन्या खाते लेकरू," म्हणाली, "घरी काही नसन, सांगाले लाजत असन."

दुपारी तिनं आमच्या चुलीवर भाकरी आणि वांग्याची झणझणीत भाजी केली आणि सरळ मॅक साहेबाकडे पोचवली. प्रेसमधल्या लोकांनी नंतर सांगितलं, साहेबाचा चेहरा विटेसारखा लाल झाला, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण गडी थांबला नाही. भांडं पुसून खाल्लं!

आता गंमत अशी की आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. आणि स्कॉटलंडातही करत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या सकाळी मॅक साहेब स्वतः ठकूमायचं भांडं घेऊन आमच्या दारात. भांड्यात काठोकाठ ओट!

तिनं घेतलं. संध्याकाळी साहेब पुन्हा आला, टोपी काढून विचारायला लागला, कसं वाटलं? मी ठकूमायकडे बघितलं.

ती म्हणाली, "साहेबाले सांगा, बाबूजीच्या म्हशीले लय आवडलं."

मी इंग्रजीत सांगितलं, "आमच्या घरच्यांना फार आवडलं." साहेब इतका खूश झाला की पुढे आठवडाभर रोज एक वाडगा येत होता.

*

स्पिरो साहेबाचा किस्सा खरं तर माझाच आहे.

त्यांच्या मोठ्या सणाआधी ग्रीक लोकांचा लांबलचक उपास असतो. त्या काळात स्पिरो साहेबाचा स्वभावच बदलायचा. आवाज खाली यायचा, शिव्या बंद व्हायच्या. त्यात नेमकी एकादशी आली. म्हणजे साहेबाचा उपास आणि माझाही.

दुपारी वजनकाट्याच्या खोलीत तो, मी आणि किसन आपापलं उघडून बसलो. माझ्या डब्यात रताळ्याचा कीस, त्यावर सढळ हातानं साजूक तूप, कडेला एक उकडलेलं रताळं, सोबत तांब्याभर दूध. साहेबाच्या ताटलीत मसूर, कच्चा कांदा आणि पाव.

साहेब माझ्या डब्याकडे बघत राहिला. मी त्याच्या ताटलीकडे.

"बाबू, आज तुम्हारा उपास था ना?"

"आहेच की!"

"फिर दूध? घी?" त्याला धक्काच बसला होता. त्यांच्या उपासाला जनावरापासून आलेलं काहीच चालत नाही. दूध नाही, लोणी नाही, तूप तर बिलकुल नाही.

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही कांदा खाताय! मसूर खाताय! पाव खाताय! मग उरलं काय?"

दोघंही घास हातात धरून बसलो. इतकी वर्षं आपण पुण्य समजून जे करतोय ते दुसऱ्या देशात चक्क पाप आहे, हे कळल्यावर घास उतरेना. किसन आपली भाकरी-ठेचा खात मजेत ऐकत होता. तो म्हणाला, "असं करा, त्यायले चालत नाही ते तुमी सोडा, तुमाले चालत नाही ते त्यायनं सोडावं. मंग काय राह्यते पाहू."

आम्ही खरंच हिशोबाला बसलो. दूध गेलं, तूप गेलं. मसूर गेला, कांदा गेला, पाव गेला. एकेक करत सगळं बाद झालं आणि शेवटी दोघांच्या मध्ये माझ्या डब्यातलं एक उकडलेलं रताळं उरलं.

स्पिरो साहेबानं ते मोडलं, अर्धं मला दिलं आणि म्हणाला, "बाबू, खुदा का मालूम नहीं, मगर रताला दोनों का एक है!"

ठकूमायला मी हा किस्सा मोठ्या उत्साहानं सांगितला. म्हटलं, बघ, परमुलखातली माणसंही देवाधर्माची असतात. तिलाही बरं वाटलं. उपास लागायच्या आधी स्पिरो साहेबाकडे दह्यात काकडी आणि लसूण घालून खातात हे ती स्वतः बघून आली होती. त्यावर तेल कशाला ओततात एवढीच तिची तक्रार.

"मानूस बरा हाये," ती म्हणाली. "पन किसन्याले त्याच्या देशात नाही ना जायचं?"

*

ज्याच्या देशात जायचं होतं तो मोरिता साहेब मराठी बोलायचा, पण ती शिकला होता आमच्या हमालांकडून. त्यामुळे तो कंबरेत वाकून, डोळे खाली घालून, अत्यंत अदबीनं म्हणायचा, "राम राम बे!" 'बे' म्हणजे आमच्याकडे बरोबरीच्या दोस्ताला मारायची रांगडी हाक. डेप्युटी कमिशनरच्या कचेरीतले कारकूनही यातून सुटले नाहीत. ठकूमायला मात्र हा माणूस लगेच आपला वाटला.

अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. माठातलं पाणीसुद्धा घामेजतं. आम्ही दिवसातून दोनदा गार पाण्यानं अंघोळ करायचो. मॅक साहेब टबात बसून, त्याच साबणाच्या पाण्यातून तसाच उठून बाहेर यायचा. पण मोरिता साहेबाची तऱ्हा न्यारी! त्यानं प्रेसच्या मिस्त्रीकडून एक मोठं लोखंडी पिंप करून घेतलं आणि मागच्या अंगणात विटांवर चढवलं. कशासाठी ते कुणालाच माहीत नव्हतं.

एके संध्याकाळी चौकीदार धापा टाकत आमच्या ओसरीवर आला. "बाबूजी, धावा! साहेब सोताले शिजवून राहिला!"

मी धावलो. बघतो तर पिंपाखाली लाकडं पेटलेली, पिंपातून वाफा निघतायत आणि वर मोरिता साहेबाचं फक्त डोकं! डोळे मिटलेले. चेहऱ्यावर असं समाधान की जणू समाधीच लागली. तळाशी लाकडाची फळी असते म्हणून पाय भाजत नाहीत, हे त्यानं नंतर समजावून सांगितलं. अंग आधीच बाहेर बसून घासूनपुसून धुवायचं, मग स्वच्छ होऊन नुसतं बसायला या पाण्यात उतरायचं. थकवा जातो म्हणे!

मी परत आलो तर ठकूमाय लसूण सोलत बसली होती. मी घाईघाईनं सगळं सांगितलं. ती जागची हलली नाही.

"मीठ टाकलं का?" तिनं विचारलं.

*

अखेर ती मोरिता साहेबाच्या स्वयंपाकघरात शिरली. जाताना मी आणि किसन मागे. किसन तर परीक्षेला बसल्यासारखा पांढरा पडला होता.

सुरुवात छान झाली. साहेबानं जोडे बाहेर काढले. खाली चटईवर बसला. भात होता. भातासंगं काय, तर मिठात मुरवलेला मुळा! ठकूमायनं तो वास घेऊन बघितला आणि मान डोलावली. मग साहेबानं दोन काड्या काढल्या आणि त्यांनी भात उचलायला लागला. ती थोडी अस्वस्थ झाली. मला म्हणाली, "हात दुखते का त्याचा?" पण तेही तिनं सोडून दिलं.

एवढ्यात दारात उभ्या चौकीदाराला तोंड उघडायची बुद्धी झाली. "माय, हे लोक मासोळी कच्चीच खातेत म्हंते."

ठकूमायनं साहेबाकडे बघितलं. साहेब खोटं बोलणारा नव्हता. त्यानं काड्या खाली ठेवल्या आणि शांतपणे म्हणाला, "हो, खातो. पन माय, तुमी कांदा कच्चा खाता. गाजर कच्चं खाता. मुळा बी कच्चाच खाता."

"मुळ्याले डोळे नसतेत!" ठकूमाय म्हणाली.

साहेबानं काड्या उचलल्या आणि मुळ्याची फोड तोंडात टाकली.

तरी परत येताना ती किसनला म्हणाली, "बाकी ठीक हाये. मासोळी आली तं तू मुळा खाजो." किसननं माझा हात इतका दाबला की माझी अंगठी रुतली. किसनच्या बहिणीचं लग्न तोंडावर आलं होतं. ते होऊ दे, मग जा, असं ठरलं. त्यानं लगेच मोरिता साहेबाला लग्नाचं आमंत्रण दिलं.

आणि तिथेच सगळं फिसकटलं!

*

वलगावला मांडवात पंगत बसली. मोरिता साहेबाला मानाची जागा. पत्रावळीवर भात, वरण, वांग्याची भाजी, पोळी, कढी, बुंदी. साहेबानं काड्या आणल्या नव्हत्या. हातानं जेवला, नीट जेवला आणि एक शीत न ठेवता पत्रावळ साफ केली.

आता वऱ्हाडात पाहुण्याची पत्रावळ रिकामी दिसणं म्हणजे यजमानाची अब्रू गेली! वाढपी धावला. पुन्हा भात, पुन्हा बुंदी. साहेबानं वाढप्याला वाकून नमस्कार केला आणि पुन्हा सगळं साफ केलं. पुन्हा वाढलं.

हळूहळू मांडवभर बातमी पसरली. "साहेब जेवून राहिला बाप्पा!" माणसं गोळा झाली. म्हातारे कौतुकानं बघायला लागले. वाढपी पैजेवर आले. साहेबाला घाम फुटला, पण पत्रावळ दर वेळी लख्ख! शेवटी त्यानं दोन्ही हात जोडले आणि तसाच हळूच एका कुशीवर आडवा झाला.

नंतर मला उलगडा झाला. त्यांच्याकडे वाटीत घासभर भात ठेवला तर त्याचा अर्थ आणखी वाढा. वाटी साफ केली तर त्याचा अर्थ पुरे. बिचारा सगळा वेळ 'पुरे, पुरे' म्हणत होता आणि सगळं गाव ऐकत होतं 'आण, आण'!

साहेबाला अकोल्याला नेण्यासारखी स्थिती नव्हती. त्याला किसनच्याच घरी पडवीत खाटेवर निजवलं. अमरावतीहून डॉक्टर येऊन गेले. वरातीची माणसं हसत होती, पण ठकूमाय हसली नाही. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबूजी, आपलं साधं अन्न खाऊन त्याची हे गत झाली. मंग तिथलं खाऊन माह्या लेकराचं काय होईन? अन् तिथं पडला तं पाहीन कोन? किसन्या कुठी जात नाही."

किसन दाराआड उभा होता. त्यानं ऐकलं. तसाच मळ्यात निघून गेला आणि उगाचच ओल्या वाफ्याला पाणी देत बसला. मला त्याच्याकडे बघवेना. मोसम संपायला आला होता. खामगावच्या माणसाची पेटी भरून तयार होती, असं ऐकत होतो.

*

साहेबाच्या पोटात काही ठरेना. मग एका सकाळी ठकूमायनं तांदळाची पातळ पेज शिजवली, चिमूटभर मीठ घातलं, बाजूला मुळ्याची एक फोड ठेवली आणि वाडगा त्याच्यासमोर सरकवला.

साहेब उठून बसला. एक घोट घेतला आणि थांबला. डोळे भरून आले त्याचे. मला वाटलं, पुन्हा कळ आली.

"माही माय बी हेच देते," तो म्हणाला. "बिमार पडलो का हेच. असंच."

ठकूमाय खाटेशेजारी खाली बसली. इतक्या दिवसांत तिनं जपानबद्दल सगळं विचारलं होतं, हे मात्र आता पहिल्यांदा विचारलं. "माय हाये तुले?"

"हाये. गावात राह्यते. समुद्राकाठी."

"तू इथं आला तं ते काही बोलली नाही?"

साहेबानं मान हलवली. "बोलली नाही. पन रोज माहं ताट वाढते."

"म्हंजे?"

मग त्यानं आपल्या मोडक्यातोडक्या वऱ्हाडीत सांगितलं. त्यांच्याकडे घरचं माणूस दूर गेलं की त्याच्या जागेवर रोज त्याचं ताट मांडतात. गरम भात, सार, सगळं. माणूस जिथे असेल तिथे उपाशी राहू नये म्हणून. तो गेला त्या दिवसापासून त्याची माय रोज मांडते. आता ती म्हातारी झाली आहे, पण चुकत नाही.

किसन मळ्यातून आला होता, तो पायरीवर उभा होता. हाताला चिखल तसाच.

"मंग ते ताट खाते कोन?" ठकूमायनं विचारलं.

"कोनी नाही. तसंच राह्यते. मंग थंडं झालं का मायच खाऊन घेते."

ठकूमायनं पदरानं तोंड पुसलं. मग पायरीकडे न बघताच म्हणाली, "किसन्या, जाय तू जपानले."

किसनला वाटलं, आपण काही भलतंच ऐकलं.

"जाय म्हनलं ना! अन् उतरला का पयले याच्या मायच्या घरी जाजो. ते ताट गरम हाये तोवर खाजो."

मग ती मोरिता साहेबाकडे वळली. तो वाडगा हातात धरून नुसता बसला होता.

"अन् तू काय पाहून राहिला बे? जेव. थंडं होऊन राहिलं."